तारेच्याच कागदावर "तारेने पाठवू नये"? सरकारी तारांचे नियम कुणाला ठाऊक आहेत का

जुनी_ट्रंक
नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय. बाबांना जाऊन वर्ष झालं, परवा त्यांची पत्र्याची ट्रंक आवरायला घेतली. बाबा राज्य सरकारच्या एका खात्यात लिपिक होते. ट्रंकेच्या तळाशी गंजलेल्या टाचणीने जोडलेले दोन कागद मिळाले, १९७९ सालचे, त्यांच्या बदलीसंबंधी. एक म्हणजे आलेली तार, फॉर्मवर छापील पट्ट्या चिकटवलेल्या असायच्या ना तसली. दुसरा टाइप केलेला कागद, मजकूर तोच. पण त्या दुसऱ्यावर वर लिहिलंय "स्टेट एक्सप्रेस", मग पत्त्याच्या जागी एकच विचित्र शब्द आणि गावाचं नाव, मग सगळा मजकूर कॅपिटल अक्षरांत. मग आडवी रेघ, आणि रेघेखाली "नॉट टु बी टेलिग्राफ्ड"! त्याच्या खाली साहेबांची शाईची सही, पदनाम, जावक क्रमांक, आणि सगळ्यात शेवटी "पोस्ट कॉपी इन कन्फर्मेशन".

तारेच्याच मजकुराखाली "तारेने पाठवू नये" कशाला? आणि तार गेलीच तर पुन्हा तेच टपालाने का? नवरा म्हणतो सरकारी खाक्या, एका कामाला दोन कागद. मला ते पटत नाहीये. जाणकारांनी सांगा.

ठोंब्या
आमच्याकडे "ही टिप्पणी फायलीत ठेवू नये" अशी टिप्पणी फायलीत सापडली होती. त्यामुळे मला काहीच नवल वाटत नाही.

बारनिशी_बहाद्दर
ताई, तुमच्या मिस्टरांना सांगा की खाक्या वगैरे काही नाही, त्या रेघेत फार मोठी अक्कल आहे. मी चौतीस वर्षं नोकरी केली त्यातली अकरा आवक-जावकला, तेव्हा जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

तारेचा मसुदा म्हणजे दोन मजली घर समजा. रेघेच्या वरचं तारेतून जायचं, त्याचे शब्द मोजले जायचे, त्याचे पैसे लागायचे. रेघेच्या खालचं तार ऑफिसातल्या माणसासाठी आणि आपल्या फायलीसाठी. पाठवणारा कोण, त्याचं पदनाम काय, सही खरी आहे का. सरकारी तार म्हणजे 'स्टेट' तार, ती कुणीही उठून द्यायची नाही, अधिकार असलेल्यानेच सही करायची, शिक्का मारायचा, सर्व्हिसची तिकिटं लावायची. आता "नॉट टु बी टेलिग्राफ्ड" लिहिलं नाही तर खिडकीवरचा माणूस साहेबांचं नाव, पदनाम, खातं, जावक क्रमांक सगळं शब्दांत धरणार. एका नवीन टंकलेखकाने ती ओळ गाळली होती, आमच्या साहेबांचं पदनामच नऊ शब्दांचं, मूळ मजकूर सहा शब्दांचा. हेडक्लार्कने त्या पोराला जे काही ऐकवलं ते इथे लिहिता येत नाही.

तो विचित्र शब्द म्हणजे तारेचा नोंदणी केलेला संक्षिप्त पत्ता. जुन्या लेटरहेडवर फोन नंबरच्या शेजारी "ग्राम्स" म्हणून छापलेला असायचा बघा. एक शब्द आणि गावाचं नाव एवढ्यावर तार बरोबर टेबलावर यायची. 'एक्सप्रेस' म्हणजे साध्या तारेच्या पुढे काढायची. पण कार्यालय बंद झाल्यावर पोचणार असेल तर एक्सप्रेस कशाला, रात्रभर शिपायाच्या खुर्चीवर पडून राहायला? आणि पत्राने वेळेत होणारं काम असेल तर मुळात तारच करायची नाही. हा पहिला नियम आणि सगळ्यात जास्त मोडला जाणारा.

पोस्ट कॉपीचं नंतर लिहितो, नातवाला शाळेतून आणायचंय.

अबोली_के
वा काका, दोन मजली घर आवडलं. नातवाला आणा आणि लवकर या.

चष्मिष्ट
म्हणजे शेवटी सगळं पैशापाशीच येतं. शब्द वाचवा. मला वाटतं तारेचे सगळे नियम हे कंजूषपणाचे नियम होते, बाकी तत्त्वज्ञान नंतर चिकटवलेलं. आणि नियम का करावे लागले तेही बघा. १८६६ साली अटलांटिकखालची केबल नवीनच चालू झाली होती, अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री सेवर्ड यांनी पॅरिसच्या वकिलातीला एक लांबलचक सांकेतिक तार केली. फ्रेंचांनी मेक्सिकोतून सैन्य काढावं म्हणून. सांकेतिक आकडे मोजता मोजता बिल गेलं १९,००० डॉलरच्या वर! एका तारेचं! सरकारने पैसे द्यायला नकार दिला, कंपनी कोर्टात गेली.

ठोंब्या
सरकारी बिल थकवायची परंपरा जागतिक आहे हे वाचून ऊर भरून आला.

वकीलबुवा
@चष्मिष्ट, पूर्ण असहमत. पोस्ट कॉपीचं कारण पैसा असता तर तिकीट लावून दुसरा कागद पाठवलाच नसता ना? खर्च वाढतोच की त्याने.

खरं कारण असं की तारेतून सही जात नाही. आपला १८७२ चा पुरावा कायदा घ्या (२०२४ पर्यंत तोच लागू होता), कलम ८८. त्यात म्हटलं होतं की तार ऑफिसने जो संदेश पोचवला तो पाठवायला दिलेल्या संदेशाबरहुकूम आहे असं कोर्ट गृहीत धरू शकतं, पण तो संदेश पाठवायला *दिला कुणी* याबद्दल मात्र कोर्ट काहीही गृहीत धरणार नाही. वाक्याचा दुसरा अर्धा भाग नीट वाचा. खिडकीवर फॉर्म सरकवणारा माणूस साहेबच होता, साहेबांचा शिपाई होता की साहेबांचा मेव्हणा होता, हे तार सांगत नाही. ते सांगते शाईची सही. म्हणून ती मागाहून टपालाने. तार काम चालू करते, पोस्ट कॉपी त्या कामाची जबाबदारी कुणाची ते सांगते.

बारनिशी_बहाद्दर
वकीलबुवांनी माझ्या तोंडचं काढून घेतलं, आणि माझ्यापेक्षा चांगलं मांडलं. पोस्ट कॉपी त्याच दिवशीच्या टपालात गेलीच पाहिजे असा आमच्याकडे दंडक होता. आली की आवकवाल्याने दोन्ही शेजारी ठेवून शब्द न् शब्द जुळवायचा आणि तारेला टाचून टेबलावर पाठवायची. जुळवायचा हा नियम झाला, प्रत्यक्षात "आली होय, लावा टाचणी" असं चालायचं. मीही केलंय, खोटं कशाला बोलू.

चष्मिष्ट यांचंही अगदीच चूक नाही. कंजूषपणा होताच. 'प्लीज', 'काइंडली' सरळ उडवायचे. पण शब्द काटण्याची एकदा चटक लागली की माणूस मजकुराचे हातपाय तोडतो. आमचे एक साहेब म्हणायचे, तार लिहून झाली की ती आपल्याला काही माहीत नाही असं समजून वाचा. दोन अर्थ निघाले तर एक शब्द वाढवा, पैसे माझ्या पगारातून घ्या. अर्थात कधी दिले नाहीत.

कडकट्ट
संदेश पाठवणाऱ्या सिग्नल विभागात होतो, आता निवृत्त. "नॉट" हा शब्द तारेत सगळ्यात घातक. तो गळला किंवा बिघडला की आदेश उलटा. म्हणून "नॉट रिपीट नॉट". मी घरी पण तसंच बोलतो, बायको वैतागते. आकड्यांचंही तेच, तारखा-वेळा दोनदा. पूर्णविरामाला आम्ही एएए लिहायचो. पोलीस आणि महसूलच्या बिनतारी संदेशात कंसात टिंब असतं ते त्याच घराण्यातलं.

आणि अग्रक्रम. क्रॅश म्हणजे अतिशय तातडीचा, मग इमिजिएट, प्रायोरिटी, रुटीन म्हणजे नेहमीचा, वगैरे. नियम असा की अग्रक्रम मजकुराच्या निकडीवरून ठरतो, पाठवणाऱ्याच्या हुद्द्यावरून नाही. प्रत्यक्षात साहेबांच्या आगमनाचा संदेश क्रॅश आणि पुराचा संदेश रुटीन असंही पाहिलंय.

सांकेतिक संदेशाच्या दोन्ही टोकांना निरर्थक शब्द भरायची पद्धत असायची, म्हणजे शत्रूला सुरुवात-शेवट सापडू नये. नियम काय तर भरणा मजकुरात मिसळेल असा नको. २५ ऑक्टोबर १९४४, लेटे आखाताची लढाई. अमेरिकन आरमाराचे अॅडमिरल निमित्झ यांनी हाताखालच्या अॅडमिरल हॅल्सीला विचारलं, टास्क फोर्स ३४ हा जहाजांचा ताफा कुठे आहे. शेवटच्या भरण्यात कारकुनाने टाकलं "द वर्ल्ड वंडर्स". हॅल्सीच्या जहाजावर पुढचा भरणा कापला, मागचा राहू दिला, कारण तो मजकुरासारखाच वाटत होता. हॅल्सीला वाटलं साहेब टोमणा मारतायत, सगळं जग विचारतंय म्हणून. टोपी काढून जमिनीवर आपटली त्याने.

अबोली_के
बाप रे. कारकुनाच्या तीन शब्दांनी अॅडमिरलची टोपी!

पक्क्या_पुणेरी
छोट्या तारेचा विषय निघालाय तर "पेक्काव्ही" विसरून कसं चालेल. इंग्रज सेनापती सर चार्ल्स नेपियरने सिंध जिंकल्यावर एका शब्दाची तार केली होती, लॅटिनमध्ये अर्थ "मी पाप केलंय", म्हणजे इंग्रजीत "आय हॅव सिन्ड", म्हणजेच "आय हॅव सिंध". याहून कमी शब्दांत सरकारी तार कुणी लिहून दाखवावी.

इतिहासाचा_किडा
कुणीच लिहिली नाही, नेपियरनेही नाही. सिंध घेतलं १८४३ मध्ये. भारतात तारेची पहिली प्रायोगिक लाइन कलकत्ता ते डायमंड हार्बर, १८५० ची. मग नेपियरने तार कशावरून केली, कपडे वाळत घालायच्या? तो विनोद १८४४ साली लंडनच्या पंच नियतकालिकात आला होता, कॅथरीन विंकवर्थ नावाच्या तरुण मुलीने पाठवलेला.

खरी तार पाहिजे तर ११ मे १८५७ ची घ्या. मेरठचे शिपाई दिल्लीत घुसले तेव्हा दिल्लीच्या तार ऑफिसात ब्रेंडिश आणि पिल्किंग्टन ही दोन पोरं होती. त्यांनी अंबाल्याला खबर दिली आणि तिथून ती पुढे पंजाबात गेली. ना मसुदा, ना जावक क्रमांक, ना कुणा साहेबाची सही. इथल्या नियमाने बघायचं तर ती तार गेलीच नाही पाहिजे :)

वकीलबुवा
उत्तम उदाहरण, आणि मुद्दा माझाच सिद्ध होतो. खबर द्यायला सही लागत नाही, आदेश द्यायला लागते.

पक्क्या_पुणेरी
कपडे वाळत घालायच्या तारेबद्दल निषेध नोंदवतो. बाकी मान्य.

सुलू_मावशी
मला सरकारी नियमांतलं काही कळत नाही पण तार म्हटलं की पोटात गोळा यायचा एवढं आठवतं. दारात तारवाला उभा राहिला की घरातली बाई आधी रडायला लागायची, मग तार फोडायची. माझे थोरले दीर फौजेत होते, त्यांना रजा पाहिजे असली की आधीच पत्रात लिहायचे, अमुक तारखेला "मदर सीरियस" अशी तार करा. सासूबाई चांगल्या धडधाकट, स्वतः चालत तार ऑफिसात जाऊन स्वतः सीरियस असल्याची तार करून यायच्या.

ठोंब्या
मावशी __/\__ आजचा सर्वोत्कृष्ट प्रतिसाद. आणि कलम ८८ पण बघा, तार दिली कुणी याबद्दल कोर्ट काही गृहीत धरणार नाही :))

सुलू_मावशी
लग्नाच्या तारा मात्र छान असायच्या. आठ नंबर म्हणजे दीर्घ आणि सुखी वैवाहिक आयुष्यासाठी शुभेच्छा, सोळा नंबर म्हणजे दांपत्यावर परमेश्वराचे आशीर्वाद. नुसता आकडा लिहायचा, तिकडे अख्खं वाक्य निघायचं.

राजभाषाप्रेमी
इथे कुणी देवनागरी तारेबद्दल बोललंच नाही. देवनागरीत तार देता यायची आणि ती स्वस्त पडायची, कारण विभक्तीचा प्रत्यय शब्दालाच चिकटतो. "मुंबईहून" हा एक शब्द, इंग्रजीत दोन. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ चा, तरी कार्यालयांतून तारा मात्र इंग्रजीत, कारण "तार ऑफिसवाल्याला कळायला पाहिजे". मी एकदा हट्टाने मराठीत मसुदा केला, सहा शब्दांत मावला. साहेबांनी कौतुक केलं आणि इंग्रजी करून आणायला सांगितलं. अकरा शब्द झाले. सही लगेच केली.

चष्मिष्ट
बघा, पैशाचं गणितसुद्धा पाळत नव्हते. मी माझं पहिलं विधान मागे घेतो, कंजूषपणाचेही नियम नव्हते ते.

मुक्काम_पोस्ट
सांकेतिक तारांचा नियम वर जो आला त्याला जोड. साध्या तारेची पोस्ट कॉपी पाठवायची, पण सांकेतिक तारेची उघड भाषेत पोस्ट कॉपी कधीही नाही. उलगडलेला मजकूर कुणाला दाखवायचाच तर वाक्यं फिरवून, क्रम बदलून, आपल्या शब्दांत. कारण एकच मजकूर सांकेतिक आणि उघड असा दोन्ही रूपांत शत्रूच्या हाती पडला की कुलूप आणि किल्ली एकत्रच दिल्यासारखं. म्हणजे साध्या तारेत शब्द न् शब्द जुळला पाहिजे आणि गुप्त तारेत शब्द जुळता कामा नये.

मधला प्रकार एक्सप्रेस लेटर. लिहायचं तारेसारखं तुटक, पाठवायचं टपालाने, आणि घेणाऱ्याने त्याला तारेइतकीच निकड द्यायची.

नवा_कोरा_क्लर्क
मी तीन वर्षांपूर्वी लागलो, तार कधी पाहिली पण नाही. ती बंद झाली १४ जुलै २०१३ ला, तेव्हा मी शाळेत होतो. पण हे सगळं वाचून वाटतंय की आम्ही तेच करतोय फक्त रेघ गेली. रात्री साडेदहाला व्हॉट्सअॅप ग्रुपवर आदेश येतो, "उद्या सकाळपर्यंत माहिती सादर करावी", ना क्रमांक ना सही. सकाळी माहिती दिली तर विचारतात कुणाच्या आदेशाने दिली, नाही दिली तर का नाही दिली. आणि वरून मेसेज डिलीट पण होतो. मी आता स्क्रीनशॉट काढून प्रिंट घेऊन फायलीला लावतो, सगळे हसतात.

बारनिशी_बहाद्दर
हसू द्या. प्रिंटवर तारीख, वेळ आणि तुमची आद्याक्षरं घाला, आणि सकाळी साहेबांना दोन ओळींचं पत्र टाका, "काल रात्री दिलेल्या सूचनेस अनुसरून". ती तुमची पोस्ट कॉपी, फक्त उलट्या दिशेने.

कडकट्ट
+१. शिवाय पोच घ्यायची. फाशीच्या कैद्यांच्या दयेच्या अर्जावरच्या आदेशांबाबत केंद्राच्या सूचना आहेत, त्यात आदेश मिळाल्याची पोच ताबडतोब कळवायची असं स्वच्छ लिहिलंय. पाठवलं म्हणजे पोचलं असं धरून चालायचं नाही, तिथे माणसाच्या जिवाचा प्रश्न असतो.

बारनिशी_बहाद्दर
@जुनी_ट्रंक, ताई, तुम्ही लिहिलंय दोन्ही कागदांत मजकूर तोच आहे. जुळवून बघितलात का? शब्द न् शब्द? आमच्यासारखं "लावा टाचणी" नका करू.

जुनी_ट्रंक
काका, तुमचा प्रतिसाद वाचून आत्ता भिंग घेऊन बसले. हात थरथरतोय टाइप करताना.

चिकटवलेल्या पट्टीवर, म्हणजे आलेल्या तारेवर आहे: बाबांचं आडनाव, मग "नाऊ टु बी रिलीव्ह्ड", म्हणजे आता कार्यमुक्त करावे. पोस्ट कॉपीवर आहे: "नॉट टु बी रिलीव्ह्ड", म्हणजे करू नये. एका अक्षराचा फरक, डब्ल्यूच्या जागी टी. इतक्या वेळा वाचलं मी ते, डोळ्याला एकच दिसत होतं.

अबोली_के
काय सांगता!!

कडकट्ट
रिपीट नव्हतं ना? "नॉट रिपीट नॉट"?

जुनी_ट्रंक
नाही. नुसतं एकदा.

चष्मिष्ट
दोन शब्द वाचवले.

वकीलबुवा
ताई, पोस्ट कॉपीवर आवक शिक्का असेल, तारीख बघा. आणि कोपऱ्यात काही शेरा?

जुनी_ट्रंक
तार ३ तारखेची. पोस्ट कॉपीवर आवकचा गोल शिक्का आहे, ९ तारीख. कोपऱ्यात लाल शाईत, "सदर कर्मचारी ४ रोजीच कार्यमुक्त. दप्तरी दाखल." खाली आद्याक्षरं, बाबांची नाहीत.

म्हणजे बाबांची ती बदली थांबलेली होती. हा कागद पोचेपर्यंत ते सामान बांधून निघूनसुद्धा गेले होते. आमचं पुढचं सगळं आयुष्य त्या नव्या गावात गेलं, माझा जन्म तिथलाच, शाळा तिथलीच.

नवा_कोरा_क्लर्क
पण मग चूक कळल्यावर त्यांना परत का नाही बोलावलं?

बारनिशी_बहाद्दर
बाळा, शेरा वाच. "दप्तरी दाखल". परत बोलवायचं तर आधी चूक झाली असं कुणीतरी लिहून द्यावं लागतं. तारेवर कार्यमुक्त करणाऱ्याने पोस्ट कॉपीची वाट बघितली नव्हती, तो कशाला लिहून देईल?

मला वेगळीच गंमत वाटते. दप्तरी दाखल झालेला कागद, शाईच्या सहीचा, तुमच्या बाबांच्या ट्रंकेत कसा? तो त्या जुन्या कार्यालयाच्या फायलीत असायला पाहिजे. आवक-जावकला त्यांचा कुणीतरी जिवाभावाचा मित्र असणार, त्याने हळूच काढून पाठवला. आम्ही असले प्रकार कधीही केले नाहीत, असं इथे लिहून ठेवतो.

सुलू_मावशी
आईंना विचारलंत का गं? आहेत ना त्या?

जुनी_ट्रंक
आहे, ऐंशीची आहे. आत्ता शेजारीच बसलीय. तार आलेली तिला पक्की आठवते, बाबा संध्याकाळी घरी आले आणि म्हणाले, परवा निघायचंय. ती सहा महिने बाबांशी धड बोलली नव्हती म्हणे, त्यांनीच मागून बदली घेतली असं तिला वाटायचं. बाबांनी कधी खुलासा केला नाही. हा दुसरा कागद तिने आज पहिल्यांदा बघितला. भिंग घेऊन बसलीय, देत नाहीये.

ठोंब्या
राहू द्या त्यांच्याकडे. स्कॅन नंतर टाका, नावं झाकून.